कपावरचा अर्थ

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूताईस बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू पलंगावर पडून आहेस, पायाखाली दोन उशा आहेत आणि छतावरच्या डागात तुला उंट दिसायला लागला आहे, हे सगळं कळलं. उंट दिसू दे, पण उठायचं नाही. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या म्हणजे नको. मागच्या दोन्ही वेळचं मनात आणू नकोस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ठीक आहे, फुंकून पी, पण पी.

मी फोन करत नाही म्हणून रागावली आहेस. अगं, माझा डावा कान केव्हाच गेला, आता उजवाही त्याच्यामागोमाग निघालाय. तुझ्या आईचा घसा बसलाय, तिला बोलवत नाही. आणि तुझ्या हातात फोन द्यायचा नाही हे डॉक्टरीणबाईंनीच जावईबापूंना बजावलंय. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात खोडून पुन्हा लिहिता येतं.

आता तू लावलेलं काम. 'मुलगाच होणार असं मला वाटतंय. बाबा, तुम्ही रोज नावांचे अर्थ लिहिता, तर जगभरातली चांगली चांगली नावं अर्थासकट कळवा.' वा! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात ते हेच. दिवसभर तेच करायचं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. पण आजोबा व्हायचं तर एवढं करायलाच हवं.

तुला माझं काम सोपं वाटतं. छापखाना बंद पडला आणि ह्या कपांच्या कारखान्यात आलो तेव्हा मलाही वाटलं होतं. कपावर मोठ्या अक्षरात पोराचं नाव, खाली बारीक अक्षरात ते मूळचं कुठलं आणि अर्थ काय. नाव यंत्र उमटवतं, अर्थ मी लिहितो. पण मालकाचा नियम असा की वाईट अर्थाचा कप कोणी विकत घेत नाही, तेव्हा वाईट अर्थ लिहायचा नाही. आता जगात बापांनी काय काय नावं ठेवली आहेत त्याला मी काय करू? क्लॉड हे नाव लॅटिन, त्याचा अर्थ लंगडा. मी लिहिलं, 'शांत पावलांनी चालणारा'. पॉल म्हणजे छोटा. मी लिहिलं, 'नम्र'. कॅल्विन म्हणजे टकलू. त्याला 'तेजस्वी कपाळाचा' करून टाकलं. मालक इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. मंगोलियात नेरगुई असं एक नाव आहे, त्याचा अर्थच 'नाव नसलेला'. पोरं जगत नसली की म्हणे तिकडे असं नाव ठेवतात, म्हणजे मृत्यू दारात आला तरी हाक कोणाला मारायची हे त्याला कळत नाही. आपल्याकडचे दगडू नि धोंडू त्यातलेच. तो कप मात्र मालकाने काढूच दिला नाही. म्हणाला, "मास्तर, नाव छापायचं आणि खाली लिहायचं नाव नाही? गिऱ्हाईक मला वेडा म्हणेल."

तुझ्यासाठी काही काढून ठेवली आहेत. फेलिक्स, लॅटिन, सुखी. सईद, अरबी, भाग्यवान. बोगदान, स्लाव लोकांचं, देवाने दिलेला. इचिरो, जपानी, पहिला मुलगा. यात तर खोटं पडायला जागाच नाही. आफ्रिकेत काही लोक पोर ज्या वारी जन्मेल त्या वाराचंच नाव ठेवतात. शुक्रवारचा असेल तर कोफी, शनिवारचा असेल तर क्वामे. मला ही पद्धत फार आवडते. कोणी अर्थ विचारला तर कॅलेंडर दाखवायचं, संपलं.

तुझा दादा म्हणतो, पोराचं नाव 'पार्सल' ठेवा, कारण सगळे त्याच्या डिलिव्हरीची वाट बघतायत. त्याच्या विनोदाला हसायचं की रडायचं ते तू ठरव. तो सध्या एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टच्या कामावर गेलाय, बाहेरगावी. लिफ्टच्या भुयारात फोन लागत नाही, तेव्हा सारखा लावत बसू नकोस.

बाकी घरी सगळं ठीक. समोरच्या काकू रोज डबा पाठवतात, त्यामुळे तुझ्या आईला विश्रांती मिळते. स्वतःला जप. उंटाला नमस्कार सांग.

आम्हां तिघांचे आशीर्वाद.
तुझा बाबा


दि. २ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याला आठ-दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. कामं होती.

तू लिहितेस, माझी सगळी नावं वाचलीस, जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखवलीस, पोट हलेपर्यंत हसलीस (हसू नकोस एवढी), आणि शेवटी दादाचंच नाव ठेवायचं ठरवलंस. कारण काय, तर तुझ्या उशाशी त्याच्या नावाचा कप आहे. तू निघालीस तेव्हा त्याने तुझ्या बॅगेत कोंबला होता तो. रोज त्यातच दूध पितेस, आणि रोज खालची ओळ वाचतेस: दीर्घायुषी. 'बाबा, दोन गेली. ह्याला मला दुसरा कुठलाच अर्थ नको. शूर नको, सुखी नको, राजा नको. फक्त हा एक अर्थ हवा.' असं लिहिलंस.

खारूताई, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

अगं, पण एका घरात एका नावाचे दोघे म्हणजे केवढा गोंधळ! एकाला हाक मारावी तर दोघे ओ देणार. मामा-भाचे एकाच नावाचे असले की शाळेपासून बँकेपर्यंत घोळ होतो. आणि दुसरं, मी इतकी वर्षं ही पुस्तकं चाळतोय म्हणून सांगतो, जगात कितीतरी लोक जिवंत नातेवाइकाचं नाव बाळाला देत नाहीत. ज्यूंमध्ये काही घराणी अशी आहेत की नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचंच. जिवंत माणसाचं घेतलं तर त्याच्या वाट्याचं आयुष्य विभागलं जातं, अशी त्यांची समजूत. उलट त्यांच्यातलीच दुसरी काही घराणी जिवंत आजोबाचं नाव मुद्दाम देतात, आणि आजोबा खूश होतात. म्हणजे समजूत ती समजूतच. पण विषाची परीक्षा कशाला? तुझ्या दादाच्या आयुष्यात वाटेकरी नको.

तुला तोच अर्थ हवा असेल तर नावांना तोटा नाही. तुर्की लोकांत यशार असं नाव आहे, 'जगतो' असा अर्थ. दुरसुन म्हणून एक आहे, त्याचा अर्थ 'राहू दे'. घरात मुलं जगली नाहीत की पुढच्याचं हे नाव ठेवतात. बघ, ते नाव नाहीच, ती हात जोडून केलेली विनवणी आहे: ह्याला तरी राहू दे. नायजेरियात कोकुमो, 'आता पुन्हा मरणार नाही'. हिब्रूत हाइम, म्हणजे आयुष्य. कोणी फार आजारी पडला तर त्याचं नाव बदलून हेच ठेवतात, म्हणे. सगळ्या जगातले आईबाप एकाच गोष्टीसाठी धडपडत आले आहेत आणि नावाखेरीज त्यांच्या हातात काही नाही. ह्यातलं एखादं घे. यशार घे. म्हणायला किती सोपं आहे.

दादाचे विनोद शिळे आहेत असं लिहिलंस. पार्सलचा विनोद त्याने तुझ्या लग्नातही केला होता, खरं आहे. आणि तू म्हणतेस, 'त्याला सांगा, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही. त्याने नाही म्हटलं तर मी दुसरं नाव बघेन, तुमचं ऐकणार नाही.' त्याच्या हातात पेन दिलं की हाताला मुंग्या येतात हे तुला माहीत आहे. मुंगळा म्हणतो आपण त्याला ते काय उगाच? सारखी पळापळ, सारखं पाठीवर ओझं, बसून म्हणून कधी लिहिलं नाही. शाळेतही नाही. तेव्हा ओळींची वाट बघू नकोस.

कारखान्यात विशेष काही नाही. परवा दुकानांतून परत आलेले कप पुसून मांडणीवर लावायचे होते. ती गोल फिरणारी मांडणी. एका अक्षरापाशी आलो आणि मला पुढे जाता येईना. त्या अक्षराचे कप मी खाली उतरवले, खोक्यात भरले आणि खोक्यावर बसून राहिलो. मालक आला. एरवी तो बोलायला लागला की कपसुद्धा कापतात. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, आज घरी जा." हल्ली तो माझ्यावर ओरडत नाही. मला ते अजिबात आवडत नाही.

तुझ्या आईचा घसा अजून तसाच आहे.

तू फक्त पडून राहा. नावाचा विचार बाळ आल्यावर. ऐक माझं एवढं.

घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद.
बाबा


दि. १९ एप्रिल

माझ्या बाळा,

हे पत्र जावईबापू तुझ्या हातात देतील. बाळ तुझ्याजवळ असेल तर आधी त्यांच्याकडे दे आणि मग वाच. त्यांना खोलीतून जाऊ देऊ नकोस. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांच्यावर रागवू नकोस, मी त्यांना शपथ घातली होती.

काल त्यांचा फोन आला. माझे कान गेले हे खोटंच होतं. सगळं ऐकू आलं. मुलगा झाला, वजन कमी आहे पण श्वास नीट घेतो, तू बरी आहेस. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाले, "बाबा, मी थांबवायला गेलो, पण तिने शुद्धीवर आल्या आल्या नर्सला नाव सांगून टाकलं. त्याच्या मनगटावर पट्टी बांधली आहे. त्यावर तेच लिहिलंय."

गेल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की काही लोक जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. ती अडचण आता राहिली नाही, खारूताई. तेव्हाही नव्हती.

तुझा दादा जानेवारीत गेला. महिना संपत आला होता, मंगळवार होता. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट बिघडली म्हणून सकाळीच बोलावणं आलं. तो खाली खड्ड्यात उतरला होता, लिफ्ट वर होती. ती खाली आली. त्याच्या जोडीदाराने मला एवढंच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही. दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

तुला तेव्हा सहावा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी जावईबापूंना सांगितलं, एवढा धक्का हिला सोसणार नाही. मी म्हटलं, एक गेलाय, आता दोघं घालवायची नाहीत. म्हणून पत्रं लिहिली. इमारत, भुयार, बाहेरगाव, सगळं माझ्या मनाचं. आईचा घसा चांगला आहे. तिला बोलायचं नाही एवढंच. समोरच्या काकू डबा देतात कारण आमच्या घरात कोणी शिजवत नाही. आणि दादाचे विनोद शिळे होते कारण नवीन मला सुचेनात. मी बसून आठवायचो, हा ह्यावर काय म्हणाला असता? मला येईना. छत्तीस वर्षं एका घरात राहिलो आणि मला त्याचा एक विनोद करता येईना. तू मला पकडलंस तेव्हा खरं तर बरं वाटलं होतं. वाटलं, आता हिला कळेल. पण तू हसलीस आणि त्यालाच लिहायला सांगितलंस.

हे एक झालं. दुसरं त्याहून लहान आहे, पण मला तेच जास्त टोचतं.

तुझ्या उशाशी जो कप आहे त्यावरचा अर्थ खोटा आहे.

माझ्याकडच्या जाड पुस्तकात त्या नावापुढे लिहिलंय: उगम अनिश्चित, अर्थ अज्ञात. बस. मी मालकाला दाखवलं. तो म्हणाला, "मास्तर, कपावर अज्ञात छापू? आई आपल्या पोराला अज्ञात म्हणून कप घेईल?" तुझा दादा त्या दिवशी मला डबा द्यायला आला होता, तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. घामेजलेला, हातांना ग्रीस लागलेलं, ताडमाड उंच. आणि लिहून टाकलं, दीर्घायुषी. बापाला दुसरं काय सुचणार? त्याने वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही सगळे पुढे जाणार आणि मागची सगळी निस्तरायची कामं माझ्याच गळ्यात. चांगला अर्थ काढलात!" नाव उमटवणाऱ्या यंत्रावरची मुलगी केवढ्याने हसली. पहिला कप त्यानेच यंत्रातून काढला, हात भाजला, फुंकर मारत घरी घेऊन आला. तो तू नेलास.

कॅल्विनला मी तेजस्वी केला, क्लॉडला चालता केला. त्यात कोणाचं काय गेलं? पण हा एक अर्थ मी मनापासून लिहिला होता, आणि नेमका तोच माझ्या तोंडावर आला. आता कुठल्याही पोराचं नाव समोर आलं तरी मला लिहवत नाही. विजयी, लिहितो आणि खोडतो. रक्षण करणारा, खोडतो. मालक म्हणतो जुनेच पुन्हा छापू. छापा म्हटलं. जगभरच्या आयांनी केवढ्या आशेने ह्या अक्षरांवर भार टाकलाय, आणि ती अक्षरं कुणालाही धरून ठेवत नाहीत. दुरसुन नावाची किती पोरं राहिली असतील? कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही.

तू विचारशील, मग अर्थ माहीत नसलेलं नाव ठेवलंत तरी का? ते आईने ठेवलं. त्याच्या वेळी तिला सातवा महिना होता. आम्ही एका गल्लीतून चाललो होतो, संध्याकाळची वेळ, आणि कुठल्याशा दारातून एका बाईने जेवायला ये म्हणून पोराला हाक मारली. ती बाई आमच्या ओळखीची नव्हती, भाषाही आपली नव्हती. पण हाक ऐकली आणि गल्लीच्या टोकापासून एक पोरगं सगळा खेळ टाकून धावत आलं, थेट तिच्या पोटावर आदळलं. आई तिथेच थांबली. म्हणाली, "हेच नाव. ह्या नावाने हाक मारली की पोरगं येतं." मी म्हटलं, अर्थ तरी बघू. ती म्हणाली, "बघितला की आत्ता."

तेव्हा नाव बदलायचं असेल तर बदल. मनगटावरची पट्टी कापून दुसरी बांधता येते, कोणी काही म्हणणार नाही. यशार ठेव, नाहीतर काहीच ठेवू नकोस काही दिवस. आणि ठेवायचंच असेल तर त्या कपावरच्या ओळीसाठी ठेवू नकोस. ती मी लिहिली आहे, आणि माझ्या लिहिण्याने काय होतं ते तू आत्ता वाचलंस. कप फोडू नकोस मात्र. त्याचा हात भाजला होता.

जानेवारीपासून ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी नाही, आई नाही, काकूही 'तो' म्हणतात. काल फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं की मुलगा झाला, आणि नाव काय ठेवलं तेही सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती उठली. पदर नीट केला, दार उघडलं, पायरीवर उभी राहिली आणि त्या नावाने हाक मारली. पूर्वी जेवायला बोलवायची तशी, शेवटचं अक्षर लांबवून. तिचा आवाज केवढा खणखणीत आहे ते मी विसरलो होतो. शेजारपाजारची दारं उघडली. काकू बाहेर आल्या आणि तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. गल्लीत दोन मुलं सायकल चालवत होती, ती थांबली. आईने पुन्हा हाक मारली. गल्लीच्या टोकाकडे बघत बराच वेळ थांबली. मग आत आली, दार लावलं आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

म्हणाली, "येत नाही हो."

बाळ रडत असेल तर त्याला घे आता.

आम्हां दोघांचे आशीर्वाद.
तुझा बाबा